तेलाचा लाल दिवा आणि तातोबा हवालदार

आमच्या मंडळाचे अध्यक्ष कदम सर हल्ली प्रत्येक व्याख्यानात एका मोटारीची गोष्ट सांगतात. लोक हसतात, टाळ्या पडतात, सर पाणी पितात. त्या गोष्टीत विट्याच्या नाक्यावरचा 'एक वायरमन' येतो आणि जातो. त्याला नाव नाही, चेहरा नाही, आणि मुख्य म्हणजे मिशी नाही. कदम सर विज्ञानाचे शिक्षक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या माणसाला असं दोन शब्दांत उरकणं हा अन्याय आहे आणि मी त्याचा निषेध करतो. पत्रकात एवढी जागा नसते, म्हणून इथे लिहितो.

त्या माणसाचं नाव तातोबा पवार. फौजेत गाड्यांचं वायरिंग करता करता हवालदार झाले, पेन्शनीत आले आणि विट्याच्या नाक्यावर पत्र्याची शेड टाकून बसले. खाली खाकी अर्धी विजार, तिला कडक इस्त्री, पायात फौजेचे बूट आणि वर चक्क घरचा बाराबंदीसारखा सदरा. मिशी गालापर्यंत आडवी जायची आणि तिथून वर वळायची, जणू तिलाही बढती हवी होती. शेडवर पाटी होती : 'येथे मोटारीच्या विजेचा निवाडा होईल.' दुरुस्ती हा शब्द त्यांना चालत नसे.

"दुरुस्ती कुनीबी करतंय," ते म्हणायचे. "आधी कसूर कुनाचा त्ये ठरवाय नगं?"

कुणी 'बिघाड' म्हटलं तर आणखी चिडायचे. "बिघाड काय आभाळातनं पडतो व्हय? कुनीतरी केल्याबिगार काय हुत न्हाई."

म्हणून त्यांच्या शेडमध्ये कोर्ट भरायचं. बॉनेट उघडलं की हवालदार ताठ उभे राहायचे आणि गाडीशी फौजी हिंदीत बोलायचे. माणसांशी मराठी, गाडीशी हिंदी, हा नियम. "मुलजिम हाजिर करो." मग एकेक भाग सुटा होऊन बाकावर मांडला जायचा. दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब खिळ्याला टांगलेला असे, त्याचं नाव साक्षीदार. "ह्यो फितूर हुत न्हाई. करंट हाय तर हाय म्हनतो, न्हाई तर न्हाई. तालुक्यात असला दुसरा कुठं हाय त्ये दावा." गाडीच्या मालकाने मागे उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. एकदा साखरपट्ट्यातले एक वजनदार पुढारी मध्येच काही सुचवायला गेले.

"तुमी फिर्यादी का साक्षीदार?" हवालदारांनी विचारलं.

"मी मालक आहे गाडीचा."

"मग तुमी बाकावर."

आणि ते खरोखर बाकावर जाऊन बसले. त्या पुढाऱ्यांविरुद्ध मी तीन वेगवेगळी पत्रकं काढली होती, त्यांच्या धोतराची गाठसुद्धा हलली नव्हती. हे पाहून मला आनंद झाला की राग आला हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ज्या भागावर कसूर शाबीत व्हायचा, त्याला फाशी. म्हणजे लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हातोड्याने चेपायचं, सगळ्यांच्या देखत. यात वेडेपणा होताच, पण त्यामागे कारणही होतं. टाकून दिलेले भाग पुसूनबिसून पुन्हा बाजारात विकले जायचे आणि दुसऱ्या कुठल्यातरी गरिबाच्या गाडीत जाऊन बसायचे. "चेपला की त्येचा पुनर्जन्म बंद," हवालदार म्हणायचे. पुनर्जन्माबद्दल आमच्या मंडळाची भूमिका वेगळी आहे, पण व्यवहार म्हणून मला हे पटलं होतं.

त्यांचा एक निकाल साऱ्या रस्त्यावर गाजला. जतकडचा एक ट्रक यायचा, त्याचा हॉर्न फक्त गाडी डावीकडे वळली की वाजायचा. ड्रायव्हरने ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. पुढे म्हैस दिसली की तो आधी ट्रक डावीकडे घालायचा, मग हॉर्न द्यायचा. "म्हशीबी शिकल्या व्हत्या," हवालदार सांगायचे. "ह्यो ट्रक दिसला की उजवीकडं सरकायच्या." हवालदारांनी अर्धा दिवस नुसतं स्टिअरिंग फिरवलं आणि दांड्याच्या आत घासलेली वायर काढून दाखवली. वायरीला फाशी झालीच, पण ड्रायव्हरलाही बोलणी बसली. "तुला ठावं असून तू गप बसलास. कसूर लपिवनारा बी आरोपीच असतोय, ध्यानात ठेव." ड्रायव्हर म्हणाला, "आवं, पन धक्का एकबी दिला न्हाई मी." त्यावर हवालदार म्हणाले, "त्ये म्हशींचं कर्तृत्व."

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. आमचं मंडळ सांगलीचं. गावोगाव जाऊन भानामती, अंगारेधुपारे, अंगात येणं यांविरुद्ध बोलायचं, हे काम. मी पत्रकं लिहायचो आणि वाटायचो. 'बुवाबाजी गाडा' हे पत्रक मी हवालदारांच्या हातात दिलं. त्यांनी ते ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचलं. असं वाचणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता, म्हणून मी खूश होऊन उभा राहिलो.

"कोन बुवा?" त्यांनी विचारलं.

"सगळेच."

"सगळं म्हंजी कुनीच न्हाई. नाव सांग, गाव सांग, काय केलं त्ये सांग, साक्षीदार आन. असल्या कागदावर आमच्या फौजंत साध्या आचाऱ्याला बी कुनी शिक्षा करनार न्हाई."

"जनतेच्या न्यायालयात पुरावा लागत नाही," मी म्हणालो.

"मग त्येला न्यायालय कशापायी म्हनायचं, गड्या? जत्रा म्हना." आणि पत्रक परत देताना म्हणाले, "उद्गारचिन्हं लय घातल्यात. तेवढी काढ. शाई वाचंल."

त्या दिवसापासून ते मला 'पत्रक' म्हणू लागले. "काय पत्रक, आज कुनाला गाडलं?" मी संतापायचो आणि विट्यातून जाताना हटकून त्यांच्या शेडला थांबायचो.

आता त्या दिवसाकडे येतो.

संध्याकाळी औंधात आमची सभा होती. सांगलीच्या एका वकिलांनी त्यांची जुनी मोटार मंडळाला वापरायला दिली होती, अट एकच. समोरच्या फळीवर तेलाचा लाल दिवा आहे. चावी फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू होऊन तेलाला जोर आला की विझतो. चालत्या गाडीत तो लागला तर तिथेच थांबायचं, नाहीतर तेलाविना इंजिन जाम होईल, गाडी परत घेतली जाईल आणि विज्ञानाचा प्रचार पायी करावा लागेल. कदम सर गाडी चालवत होते, मी शेजारी पत्रकं मांडीवर घेऊन बसलो होतो, मागे सरांच्या प्रयोगाची पेटी. लिंबू कापून त्यातून 'रक्त' काढायचं आणि मग ते रक्त नसून रसायनाचा रंग आहे हे दाखवायचं, हा सरांचा हुकमी प्रयोग. विट्याच्या अलीकडे तो लाल दिवा लागला आणि विझेना.

आम्ही गाडी ढकलत नाक्यावर आणली. बाजारचा दिवस होता, बघायला माणसं तयारच होती. हवालदार उठायच्या आत समोरच्या गॅरेजमधून रंगा मिस्त्री आला. रंगा इंजिनांचा माणूस. कुठलंही इंजिन उतरवल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

"इंजान बसलं," तो बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. "बेअरिंगं गेली. उतरावं लागतंय."

"किती वेळ लागेल?" सरांनी विचारलं.

"वेळ न्हाई, दिवस विचारा. त्यात उसाच्या ट्रकांची गर्दी."

हवालदार आले. त्यांनी मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि सरांना इंजिन जरासंच चालू करायला सांगितलं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "बंद करा. ह्यो दम लागलेला मानूस न्हाई. भाकरी खाऊन सावलीत बसलेला मानूस हाय."

"दिवा खोटा बोलतो व्हय मग?" रंगा म्हणाला.

"दिव्याला कुनीतरी बोलाय लावतंय."

इंजिनाच्या अंगाला अंगठ्याएवढा एक स्विच असतो. तेलाला जोर आला की तो आत ढकलला जातो आणि दिवा विझवतो. हवालदारांनी तो पिळून बाहेर काढला. तिथे भोक उरलं.

"रंगा, तुझी नजर चांगली. वाकून बघ बरं, आत काय दिसतंय?"

रंगा वाकला. "अंधार."

"सर, शेल मारा."

सरांनी चावी फिरवली. इंजिनाने एक गिरकी घेतली आणि काळ्या तेलाची धार रंगाच्या सदऱ्यावर, मानेवर आणि थोडी तोंडात गेली.

"दिसलं का प्रेशर?" हवालदारांनी विचारलं.

बाजार पोट धरून हसला. पाट्या खाली ठेवून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. रंगाला ते लागलं. तेल पुसत तो म्हणाला, "बरं, इंजान निर्दोष. मग कसूर कुनाचा, हवालदार?"

"स्विचचा."

"आनि न्हाई निघाला तर?"

"निघंल."

"न्हाई निघाला तर काय, त्ये इच्यारतोय मी. आमाला तेल पाजलं, तुमी काय पिनार?"

हवालदारांची मान लाल झाली. फौजेतला माणूस, भर बाजार, समोर रंगा. "स्विचचा कसूर न्हाई निघाला," ते म्हणाले, "तर ही मिशी उतरवीन. हितंच. तुमा सगळ्यांच्या म्होरं."

मी तिथल्या तिथे निषेध केला. मिशी आणि सत्य यांचा काहीही संबंध नाही, ही सरंजामशाही वृत्ती आहे, असं मी मोठ्याने सांगितलं. एक म्हातारा मला म्हणाला, "सरक जरा बाजूला, दिसंना झालंय."

त्या रागात साक्षीदार खिळ्यालाच लटकत राहिला. हवालदारांनी स्विच ठोकळ्यावर ठेवला, "सजा-ए-मौत" म्हणाले आणि हातोडा घातला. मग पेटीतून नवा स्विच काढला, बसवला, वायर लावली, हात पुसले.

"सर, शेल मारा."

इंजिन छान चालू झालं. दिवा तसाच लाल.

बाजारात मेथीची जुडी पडली असती तरी ऐकू आली असती.

हवालदार दिव्याकडे बघून पुन्हा बॉनेटकडे वळले. मग त्यांनी नव्या स्विचवरून वायर ओढून काढली आणि हवेत धरली. वायर कुठेच लागलेली नाही, तरी दिवा चालूच. याचा अर्थ मलासुद्धा कळला. स्विच असो, नसो, मध्येच कुठेतरी ही वायर उघडी पडून गाडीच्या लोखंडाला भिडली आहे. नव्या स्विचचा दोष नव्हता आणि चेपलेल्याचाही नव्हता.

"बंद करा," हवालदार हळू आवाजात म्हणाले. बॉनेटमध्ये डोकं घालून ते वायरीवरून बोट फिरवत निघाले. उजेडासाठी हातातली बॅटरी धरायला त्यांनी मला बोलावलं, म्हणून मीही डोकं आत घातलं.

अगदी आत, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एक लोखंडी पट्टी होती. त्या पट्टीला आणि दिव्याच्या वायरीला मिळून, तांब्याच्या तारेने घट्ट पीळ देऊन काहीतरी बांधलं होतं. बॅटरीचा उजेड पडला. चिंचेसारखं वाळलेलं लिंबू, खाली मिरच्या, मध्ये बिब्बा. इंजिनाच्या उष्णतेत दोरा टिकत नाही म्हणून तार वापरली होती, आणि त्या तारेने वायरीचं कातडं कापून तिला लोखंडाशी बांधून टाकलं होतं.

मी बॉनेटच्या फटीतून काचेपलीकडे बघितलं. कदम सर चाकामागे बसले होते. त्यांचा चेहरा चुन्याने सारवल्यासारखा झाला होता. आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

मला सांगायला लाज वाटत नाही, माझं रक्त उसळलं. गावोगाव लिंबू कापून दाखवणारा माणूस आणि त्याच्याच बॉनेटमध्ये हे. मी सरळ वर उठून बाजाराला सांगणार होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात माझ्या पायावर फौजेचा बूट आला आणि तिथेच राहिला.

"गप," हवालदार आतल्या आत म्हणाले.

"अहो, तुमची मिशी," मी कळवळून म्हणालो. दोन्ही कारणांनी.

त्यांनी तारेचा पीळ सोडला, सगळं मुठीत घेतलं, विजारीच्या खिशात घातलं, वायरीवर चिकटपट्टी गुंडाळली, ती पुन्हा स्विचला लावली आणि बाहेर येऊन ताठ उभे राहिले. सरांनी शेल मारला. दिवा लागला, इंजिनाने सूर धरला, दिवा विझला.

"वायर घासली व्हती," हवालदार बाजाराला म्हणाले. "स्विच निर्दोष व्हता. त्येला मी मारला."

"म्हंजी?" रंगा म्हणाला.

"म्हंजी दामूला बोलवा."

दामू न्हावी नाक्यावरच बसायचा. तो वस्तरा घेऊन आला खरा, पण हात पुढे करेना. "हवालदार, मला जमायचं न्हाई. माझ्या बापानं कोरल्याली मिशी हाय ही."

"डोळं मिटून कर."

"डोळं मिटून केली तर नाकबी जाईल."

तोवर रंगाच मवाळ झाला. "आवं हवालदार, इंजान चांगलं हाय म्हनला त्ये खरंच निघालं की. मी गमतीनं बोललो व्हतो."

"मी न्हाई गमतीनं बोललो," हवालदार म्हणाले आणि दगडावर बसून त्यांनी हनुवटी वर केली.

मिशीखालचा ओठ कधी उन्हात आलाच नव्हता. गोरापान, लाजरा, नव्या नवरीसारखा. पहिल्यांदा कुणी हसलं नाही. मग एक लहान मूल आईच्या कडेवर रडायला लागलं आणि सगळ्यांना हसायला निमित्त मिळालं. हवालदारही हसले, तर त्या ओठाला हसायची सवय नसल्यासारखं ते वेगळंच दिसलं.

माणसं पांगल्यावर आम्ही तिघे शेडमध्ये बसलो. मी सुरू झालो. "तुम्ही ते दाखवायला पाहिजे होतं. 'गाडीचा कसूर नाही, माणसाने आत लिंबू बांधलंय' असं म्हणाला असता तर रंगासुद्धा गप्प बसला असता. मिशी वाचली असती. आणि सत्य बाहेर आलं असतं."

"व्हय," ते म्हणाले. "आनि संध्याकाळी औंधात काय बोलला असता? ही बाजाराची मानसं तुमच्या आधी औंधात पोचत्यात. विज्ञानवाल्यांच्या इंजनात लिंबू सापडलं, म्हनल्यावर तुमचं कुनी ऐकलं असतं? पुढची धा वर्सं बुवांची चंगळ."

"पण कसूर लपवणारा आरोपी असतो, हे तुमचंच वाक्य."

"म्हनून तर शिक्षा भोगतोय की." त्यांनी ओठावरून हात फिरवला. "आनि त्या स्विचला लिंबानं न्हाई मारलं, पत्रक. साक्ष न घेता मी मारलं. रंगाच्या रागात."

कदम सर म्हणाले, "हवालदार, गैरसमज नको. तो एक प्रयोग होता. म्हणजे... मी निरीक्षण करत होतो. लिंबू असताना काय होतं आणि नसताना काय होतं."

"मग काय दिसलं?"

सर सदऱ्याचं बटण चाचपू लागले.

"घाटात भ्या वाटतं का गाडी चालवताना?"

सरांनी मान हलवली. "फार," ते म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. इतक्या सभांना त्यांच्या शेजारी बसून गेलो, पण स्टिअरिंगवरच्या त्यांच्या हातांकडे मी कधी बघितलं नव्हतं. मी पत्रकं मोजत बसायचो.

हवालदारांनी खिशातून ते सगळं काढलं, माझ्याच एका पत्रकात बांधलं आणि सरांच्या हातात दिलं. "भ्या वाटनं ह्यो कसूर न्हाई, सर. पन पुढच्या बारीला तारंनं बांधू नगा. सुतळीनं बांधा."

औंधात त्या संध्याकाळी सर बोलले, आणि चांगलं बोलले. शेवटी कुणीतरी ओरडलं, "सर, लिंबाचं दावा की." सर म्हणाले, आज लिंबं संपली आहेत. मी पुढे बसून दात आवळून घेतले.

पुढे सरांना धीर आला. आता ते लिंबाची गोष्ट स्वतःवर घेऊन भर सभेत सांगतात आणि म्हणतात, भीती अशी विज्ञानशिक्षकाच्या इंजिनातसुद्धा शिरते. हे धाडसाचं आहे, मी मान्य करतो. पण त्यात मिशी येत नाही. मी विचारलं तर म्हणाले, गोष्ट लांबते. याला माझा विरोध आहे, तो मी वर नोंदवला आहे.

हवालदारांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. विट्याला एस.टी.तून उतरलो आणि शेडकडे गेलो. मला वाटलं होतं, एव्हाना मिशी निम्मी तरी आली असेल. ओठ तसाच गुळगुळीत. समोर फलटणकडची एक जीप उभी होती आणि तिचे मालक, टोपीवाले गृहस्थ, चौकशी करत होते.

"तातोबा हवालदारांचं दुकान हेच ना? आमच्या गावात लय नाव ऐकलंय. ते मोठ्या मिशीचे?"

"हेच," हवालदार म्हणाले. "पन त्ये न्हाईत. रजेवर गेल्यात. मी धाकला भाऊ."

गृहस्थांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला येतंय का काम?"

"येतंय थोडंफार. थोरलं हुशार हाईत, पन घाई लय करत्यात. मी जरा सावकाश बघतो."

"नको," गृहस्थ म्हणाले. "राग मानू नका. मी हवालदारांनाच दाखवीन. थांबतो."

"थांबा की. बाकावर बसा." आणि हवालदारांनी बॉनेट उघडून डोकं आत घातलं.

मी शेडच्या दाराशी उभा होतो. हवालदारांनी बॉनेटखालून मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन त्या गृहस्थांच्या शेजारी बाकावर बसलो.

"तुम्हीपण हवालदारांचीच वाट बघताय?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.